T म्हणजे काहीही

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७
आजपासून रोज पाच ते सात जावा प्रोग्रामिंग शिकायचं. आज पावणेसातला उठलो, पण ती अलार्मची चूक. फोन सायलेंटवर होता.

पंधरा मिनिटांत जनरिक्सचा धडा संपवला. सोपं आहे. डबा एकदाच बनवायचा, आत काय ते नंतर ठरवायचं. तोवर टोकदार कंसात T लिहायचा. डबा<T>. T म्हणजे टाइप, म्हणजे काहीही. पण एकदा ठरलं की ठरलं. डबा<साखर> म्हटलं की त्यात मीठ जाऊच शकत नाही, कंपायलर दारातच अडवतो.

घरात रोज चाळीस डबे भरले जातात आणि मी हे कोर्समधल्या सरांकडून शिकतोय. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

दुपारी
शिवकांता म्हणाली, आज तरी डबे पोचवून या, माझा पाय दुखायलाय. मी तिला समजावलं की मी बॅकएंडला, म्हणजे पडद्यामागे आहे. ती स्कूटी घेऊन गेली. समजूतदार बायको मिळायला नशीब लागतं.

४ नोव्हेंबर, मंगळवार
नोकरी सोडून चौदा महिने झाले. सध्या वर्क फ्रॉम होम आहे, फक्त वर्क यायचं बाकी आहे.

पण आज मोठी बातमी. हायवेवरच्या नव्या दवाखान्याला पेशंटसाठी रोज साठ डबे हवेत. सोमवारपासून बारा डब्यांची ट्रायल, शनिवारी डॉक्टर स्वतः येऊन सांगणार. मिळालं तर शिवकांताला स्वयंपाकाला वेगळी खोली घेता येईल. दोन वर्षं झाली, ती त्या खोलीचं नाव काढते. सध्या तिची शेगडी आणि माझं ऑफिस एकाच खोलीत आहे. फोडणीचा आवाज मीटिंगमध्ये जाईल. मीटिंग अजून नाहीत, पण जाईल.

अडचण एकच. तिच्या डब्यांची अदलाबदल होते. मागच्या आठवड्यात रामहरी गुरुजींना, म्हणजे शुगरवाल्या माणसाला, शिरा गेला. गुरुजींनी तो पूर्ण संपवून मग तक्रार केली. दवाखान्यात तर कुणाला मीठ बंद, कुणाला साखर बंद. हे काम जनरिक्सशिवाय होणार नाही. मी तिला म्हटलं, सिस्टिम माझ्यावर सोड. ती म्हणाली, आधी गॅस नोंदवा.

गॅस नोंदवायचा राहिला.

५ नोव्हेंबर, बुधवार
चाळीसही डब्यांवर मार्करनं T लिहिला. सुंदर दिसतात.

६ नोव्हेंबर, गुरुवार
जन्मदात्रीनंच घात केला. अव्वाला इंग्रजीतलं एवढं एकच अक्षर येतं, स्टँडसमोरच्या टी हाऊसच्या पाटीवरून शिकलेलं. तिनं घरातली सगळी चहापत्ती अकरा डब्यांत थोडी थोडी वाटून ठेवली. विचारलं तर म्हणाली, टी लिवलंय की रं त्याच्यावर, मग काय भरू, जवारी?

तेवढ्यात एक डबा गुरुजींकडे गेलासुद्धा. त्यांनी परत पाठवला, आत चिठ्ठी: साखर कुठंय?

संध्याकाळी गुरुजी स्वतः आले. चाळीस वर्षं गणित शिकवलेला माणूस, त्यांना कळेल म्हणून T समजावला. ते म्हणाले, आमचा क्ष व्हता. पर त्याची किंमत शेवटी निघायची बाबा सोमेश. तुझा हा T निघतच न्हाय.

जुनी पिढी.

१० नोव्हेंबर, सोमवार
ट्रायलचा पहिला दिवस. T खाली टाइप लिहिला: ‘मीठ नाही’, ‘साखर नाही’, ‘सगळं चालतं’. डबे भरायच्या आधी शिवकांतानं ते घासले. टाइप धुऊन गेले. बाराही डबे सारखे.

मीठ बंद असलेल्या आजोबांना खरडा आणि पिठलं गेलं. आजोबा खूश, डॉक्टर नाही.

याला टाइप इरेजर म्हणतात. प्रोग्राम चालायला लागला की टाइप पुसलाच जातो, कोर्समध्ये लिहिलंय. म्हणजे सिस्टिम नियमाप्रमाणे चालली. शिवकांताला हे सांगितलं तेव्हा तिच्या हातात काथ्या होता, म्हणून थोडक्यात सांगितलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार
वाइल्डकार्ड शिकलो. आत काय आहे याची खात्री नसेल तर प्रश्नचिन्ह. डबा<?>. प्रामाणिक पद्धत आहे. लाल स्टिकरवर छापून आणलं, धुतलं तरी जात नाही.

दवाखान्यात कुणी डबा उघडेना. लाल प्रश्नचिन्ह बघून नर्सनं बाराही डबे बाहेर लिंबाच्या झाडाखाली नेऊन ठेवले आणि वॉचमन काठी घेऊन लांबून पहारा देत बसला. पेशंटनी बिस्किटं खाल्ली. आमच्या उमरग्यात आज माझ्या कामाची चर्चा झाली. आठवडा वाया गेला म्हणता येणार नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
आज यश नक्की. डायमंड ऑपरेटर. कंस रिकामा सोडायचा, <>, काय हवं ते समोरच्या बाजूवरून आपोआप कळतं. शिवकांता बाजारात गेली होती म्हणून पॅकिंग मीच केलं. रिक्षानं बारा रिकामे डबे पाठवले.

डॉक्टरांचा फोन आला. जेवण कुठंय म्हणाले. मी म्हटलं, ते तुमच्या बाजूनं ठरतं. फोन कट झाला. नेटवर्क.

शिवकांता भरली पिशवी घेऊन दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं. दोन तासांत बारा डबे करून ती स्वतः घेऊन गेली. पाय दुखत होता तरी.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी उठून ती सरळ कामाला लागली. भांडली असती तर बरं वाटलं असतं. मला वाईट वाटलं, हे इथं लिहायला हरकत नाही. इथं कोण बघतंय.

दुपारी तिनं अव्वाच्या जुन्या लोकरीचे धागे काढले आणि डब्यांच्या कड्यांना बांधले. लाल म्हणजे मीठ बंद, पिवळा म्हणजे साखर बंद, हिरवा म्हणजे सगळं चालतं. अर्धा तास लागला. एकही डबा चुकला नाही. गुरुजींना पिवळा धागा गेला, नाराज होऊन जेवल्याचं त्यांनी कळवलं.

तिला माहीत नाही, पण तिनं एनम लिहिला. ठरावीक तीनच प्रकारांची यादी. बिगिनर लेव्हलचं आहे, पण सुरुवात म्हणून ठीक.

१५ नोव्हेंबर, शनिवार
डॉक्टर आले. मी चौतीस स्लाइडचं प्रेझेंटेशन तयार ठेवलं होतं. त्यांनी धागे बघितले, भाकरी मोडून बघितली आणि शिवकांताला म्हणाले, परवापासून साठ डबे. एकच अट, डब्यांपासून साहेबांचं कॉम्प्युटर लांब ठेवा.

म्हणजे सिस्टिमचे भाग वेगवेगळे ठेवायचे. डॉक्टरांना आर्किटेक्चर कळतं.

शिवकांतानं पदर डोळ्याला लावला. मग लगेच कागद घेऊन कामं लिहायला बसली. स्वयंपाक: शिवकांता. भाकरी: शेजारची हरणाबाई. डबे पोचवणं: T.

माझा ऊर भरून आला. म्हटलं, अगं, तुला जनरिक्स आलं. ती म्हणाली, तुमीच म्हनला व्हता की, T म्हंजी कुणीबी. जे रिकामं असंल ते.

१७ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ५
पाचला उठलो. पहिल्यांदाच. जावा करायला बसलो तर टेबल दिसेना, त्यावर साठ डबे होते. लॅपटॉप पिठाच्या डब्यावर. शिवकांता दारात उभी, हातात स्कूटीची किल्ली. म्हटलं, पाच ते सात माझी वेळ आहे. तिनं किल्ली भिंतीकडे रोखली.

तिथं शनिवारचा कामांचा कागद लावला होता. तिसऱ्या ओळीतला T खोडला होता आणि शेजारी तिच्या अक्षरात लिहिलं होतं: सोमेश.

मी विचारलं, हे कधी ठरलं? ती म्हणाली, एकदा ठरलं की ठरलं.

माझंच वाक्य, पहिल्या दिवशी इथं लिहिलेलं. दोनदा वाचून बघितलं. कुठंच एरर येत नाही.