दिव्यांच्या ताटाखालची वही

माधव नगर, उज्जैन
सोमवार, दुपारचे तीन

सौ. प्राजक्ताताईस धाकट्या चुलतबहिणीचा, म्हणजे देवश्रीचा, कृतानेक नमस्कार. येथे सर्व जण बरे आहेत. तुझा गुडघा जिना चढू देतो का? भाऊजींचा खोकला थांबला का? (थांबला नसल्यास आईने सांगितलेला काढा त्यांना सांगू नकोस, तो बाबांनी घेतला आणि खोकलाच बरा वाटू लागला, इतका तो कडू आहे.)

आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष भय्यासाहेब यांनी तुला जळगावला फोन करून, मी शनिवारच्या सभेला न जाऊन मंडळाची फजिती केली, असे कळवल्याचे समजले. ते खरे आहे. परंतु फजितीमागे एक शास्त्रीय कारण होते, ते सविस्तर लिहिते.

शनिवारी पाच वाजता मी ‘टावर चौकातील दुकानांच्या पाट्यांवरची मराठी’ हा निबंध वाचायचा होता. दहावीपर्यंत वर्गात पहिली आले ती लिहून. बोलून मी आजवर काहीही मिळवलेले नाही. हे भय्यासाहेबांना सांगून पाहिले. ते म्हणाले, “अगं, काय टेंशन घेते तू? दस मिनिटं वाचायचं, बस्स! घरचेच तर लोक आहेत.” घरचे लोक साठ होते.

शुक्रवारी आमच्याकडे पनवेलहून मिलकाबाई झिराडकर आल्या. बाबांच्या बँकेतल्या जुन्या साहेबांच्या या पत्नी. वय बहात्तर, निवृत्त शिक्षिका, धर्माने यहुदी, आणि मराठी अशी की मी दोनदा आपले वाक्य मनातल्या मनात दुरुस्त केले. भैरवगढच्या ठशांच्या चादरी नातीच्या लग्नासाठी घ्यायला आल्या होत्या. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत त्यांचा शब्बाथ असतो. त्या दिवशी काम करायचे नाही एवढे मला ठाऊक होते. पण काही वस्तू जागेवरून हलवायच्याही नाहीत, हे नव्हते. अशा वस्तूला ‘मुक्झे’ म्हणतात. मी वहीपेन घेऊन समोर बसले आणि दुपारभर त्यांना विश्रांती मिळू दिली नाही.

ताई, किती बारीक विचार आहे म्हणून सांगू! पैसे हलवायचे नाहीत. दगड नाही, कारण दगड कशाच्याच उपयोगाचा नाही. काकडी चालते, कच्चा बटाटा नाही, कारण कच्चा बटाटा कोणी खात नाही. (आमचा धाकटा निखिल खातो, असे मी नोंदवले. त्याच्यामुळे नियम बदलत नाही, असा निर्णय मिळाला.) शिवाय, हात लावायचा नाही, पण कोपराने किंवा पायाने सरकवले तर चालते. याचे प्रात्यक्षिक शनिवारी सकाळी झाले. खिचडीसाठी काढलेले बटाटे आईच्या हातून सांडले आणि एक मिलकाबाईंच्या खोलीच्या दारात जाऊन अडकला. बाईंनी साडी किंचित उचलून तो डाव्या पायाने असा काही टोलवला की थेट ओट्याखाली गेला. निखिल ओरडला, “आजी, गोल!”

आता मुख्य मुद्दा. पेटवलेला दिवा मुक्झे, हे समजण्यासारखे आहे. परंतु सूर्यास्ताला तो ज्या वस्तूवर ठेवलेला असेल, तीही मुक्झे होते. दिवा विझला तरी शनिवारी रात्रीपर्यंत तशीच राहते. बाईंनी दोन काचेच्या पेल्यांत तेलवाती घालून त्या ताटात ठेवल्या होत्या, ताट माझ्या टेबलावर होते, टेबल एका अंगाला कललेले असल्याने ताटाखाली आधार होता, आणि तो आधार म्हणजे माझ्या निबंधाची वही.

शनिवारी साडेचारला बाबा स्कूटर सुरू करून उभे. मी सांगितले की वही मुक्झे आहे. बाबा म्हणाले, “मग उचल तिला!” मी म्हणाले, पाहुण्यांच्या धर्माचा प्रश्न आहे. मिलकाबाई पुस्तक मिटून उठल्या.

“अगं बये, नियम मला आहे. तुझ्या टेबलाला नाही. घे वही आणि नीघ.”

यावर मी विचारले की, शब्बाथला दुसऱ्याकडून काम करवून घेणेही तुम्हाला वर्ज्य आहे ना? मग तुम्ही सांगितले म्हणून मी वही उचलली, तर दोष कोणाला? बाई बाबांकडे वळल्या. “चाळीस वर्षं शाळेत शिकवलं,” त्या बाबांना म्हणाल्या, “पण गृहपाठ टाळायला इतका अभ्यास केलेली पोरगी पहिल्यांदा पाहिली.” बाबांनी स्कूटर बंद केली. सभेत माझ्या जागी भय्यासाहेब स्वतः पाऊण तास बोलले, असे कळते. फजिती म्हणतात ती बहुधा हीच.

थोरांस नमस्कार, चिमण्या ऋताला पापा.

तुझी,
देवश्री

ता. क. १ : काल जाताना मिलकाबाईंनी एक नियम सांगितला, जो शुक्रवारी सांगायचा राहिला होता (की त्यांनी राखून ठेवला होता?). दुसऱ्याच्या वस्तूवर आपण दिवा ठेवला, तरी मालकाची इच्छा नसेल तर ती वस्तू मुक्झे होत नाही. मग रिक्षात बसता बसता त्यांनी विचारले, “मालकाची इच्छा होती का गं?” मी उत्तर दिले नाही. तुला देते. ताटाखाली आधी वर्तमानपत्राची घडी होती. सूर्यास्ताला दहा मिनिटे असताना ती काढून मी वही सरकवली.

ता. क. २ : माझे वाचन आता पुढच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी ठरले आहे. गुरुवारी कोणत्याही धर्मात मला उपयोगी पडेल असे काही सापडत नाही.

ता. क. ३ : हे पत्र मी आत्ता स्वयंपाकघरात आईला उभ्याने वाचून दाखवले. अकरा मिनिटे लागली. आई पोळ्या लाटायची थांबली आणि म्हणाली, “पाट्या राहू देत, हेच वाच तिथे.” म्हणून खरी विनंती अशी, की त्या गुरुवारी तू ये आणि मला दिसशील अशी बस. (आईला मी ता. क. १ वाचून दाखवलेला नाही. तो सभेत वाचायचा की नाही, हे मला ठरवता येत नाही. तिथवर पोहोचले की मी तुझ्याकडे बघेन. तू मान डोलावलीस तर वाचेन.)