दुसऱ्या मजल्यावरून लावलेले दार

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
वाहन संगणक विभाग,
दुसरा मजला, बस आगार.

विषय : कार्यशाळेतील बसचे संदेश आपल्या संगणकाकडे नेणारी जोडणी तातडीने एकेरी करण्याबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे तीन अर्ज. २) त्यांची न आलेली उत्तरे.

महोदय,

मी आगारात अकरा वर्षे वीजतंत्री आहे. माझा थोरला भाऊ इथेच फिटर आहे.

१. बसचे दार, ब्रेक, दिवे यांचे छोटे संगणक गाडीतल्या एकाच तारेवर एकमेकांना संदेश देतात. ते नेटवर्कवरून वर, आपल्या पडद्यावर दिसावेत अशी सोय आपण गेल्या महिन्यात केली. चांगले केले. पण ते फक्त वर जायचे होते. आपल्या माणसांनी जोडणी दुहेरी ठेवली, त्यामुळे वरून दिलेला हुकूमही बस निमूटपणे पाळते.

२. दुरुस्तीआधी किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकायची, ही आमच्याकडची जुनी रीत. भावाने मंगळवारी तेच केले. बॅटरी मात्र चालू होती, कारण ती बंद केली की आपल्याला आकडे दिसत नाहीत आणि आम्हाला मेमो येतो. दाराचे रबर बसवताना अकरा बेचाळीसला दार लागले आणि त्याची दोन बोटे चिरडली. मी धावले तेव्हा तो एवढेच म्हणाला, "किल्ली माझ्याच खिशात आहे गं, मग दार लावलं कोणी?"

३. लावले आपल्या विभागाने. त्याच मिनिटाला वर पाहुण्यांना दार उघडबंद करण्याचे प्रात्यक्षिक चालू होते. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्याचे शिपायाने सांगितले.

४. चौकशी अहवाल म्हणतो : किल्ली कर्मचाऱ्याच्या खिशात सापडली, सबब दार हलणे शक्य नव्हते, सबब इजा कामावर झालेली नाही. मग बोटे काय घरून चिरडून आणली होती? मला याचा संताप आला आहे आणि तो मी लपवणार नाही.

५. खालचा वाहन विभाग म्हणतो, संदेश नेटवर्कचा आहे, वर जा. आपला विभाग म्हणतो, दार गाडीचे आहे, खाली जा. या जिन्याने माझे गुडघे गेले.

६. आता त्याच बसचे अर्धवट राहिलेले रबर सोमवारी मी बसवावे, असा आदेश निघाला आहे. बॅटरी चालू ठेवूनच.

सबब आज सकाळी वर जाणारी नेटवर्कची तार मी स्वतः उपटली आहे. परवानगी घेतलेली नाही. आपल्या पडद्यावरून बस गायब झाल्या असतील, तो बिघाड समजू नये. जोडणी सुरक्षित आहे असे ज्यांचे अजूनही मत असेल, त्यांनी सोबतची तार घेऊन खाली यावे आणि दाराच्या फटीत स्वतःचा हात ठेवावा. तार मी लगेच जोडून देईन.

अद्याप नम्र असलेली,
वीजतंत्री, कार्यशाळा
शुक्रवार, सकाळी साडेनऊ

सोबत :
१) चौकशी अहवालाची प्रत.
२) अकरा बेचाळीसच्या संदेशाची नोंद.
३) नेटवर्कची तार, चौदा मीटर (मूळ).