उजव्या डोळ्यावरची पट्टी

४ फेब्रुवारी
माझं नाव नाही!! पिक्चरच्या दुसऱ्या भागाच्या टायटलची लिस्ट आली. 'संशोधन' म्हणून डायरेक्टर साहेबांच्या भाच्याचं नाव. त्याने पहिला भाग बघितलासुद्धा नाहीये!

आणि माझी वही? आठवीपासून लिहिलेली. पहिल्या भागातला एकेक शॉट, कोणाच्या कुठल्या हातात काय, सगळं. त्या वहीवरून साहेब दुसरा भाग जसाच्या तसा काढतायत. तोच पूल, तोच बॉम्ब, हिरो तशीच दातांनी वायर तोडतो. व्हिलन मेला होता, म्हणून आता त्याचा जुळा भाऊ. नट तोच, डोळ्यावरची काळी पट्टीपण तीच.

म्हटलं, "साहेब, माझं नाव राहिलंय." तर अख्ख्या युनिटसमोर — "वहीवाली, कॉपी करणाऱ्यांची नावं देत नसतात."
कॉपी कोण करतंय??

५ फेब्रुवारी
सोडणार नाही. अजिबात नाही.

६ फेब्रुवारी
सुचलं!
क्लायमॅक्स आधी शूट होतोय. हेलिकॉप्टर परत उडवणं परवडत नाही, म्हणून स्फोटाचे शॉट साहेब गुपचूप पहिल्या भागातलेच चिकटवणार. त्यात व्हिलनची पट्टी डाव्या डोळ्यावर आहे. आणि कोणी काय घातलं, कुठे लागलं, ते शीटवर लिहायचं काम कोणाचं? माझं. लिहिलं — उजवा.

मेकअपदादांनी शीट बघून पट्टी बांधली. मग त्यांनाच शंका आली. "काका, हाच डोळा होता ना?"
नटकाका म्हणाले, "पंधरा वर्षं झाली रे. कुठल्याही डोळ्यावर बांध, जेवण वेळेवर आण."
साहेब मॉनिटरसमोर. "ओके! सेम टू सेम!"
सेम म्हणे! स्वतःचाच पिक्चर माहीत नाही माणसाला.

शीटवर सही आमच्या हेड ताईंची लागते. त्यांनी वाचलंच नाही. "तुला अख्खा पिक्चर तोंडपाठ, मी काय तपासणार डोंबल?" सही केली आणि डब्यातलं अर्धं मला दिलं.

१४ फेब्रुवारी
क्लायमॅक्सचा शेवटचा दिवस. उजवा, उजवा, उजवा.

३ मार्च
एडिटरकडे चक्कर मारली. पट्टी दर दोन सेकंदांनी उड्या मारतेय! त्याला दिसत नाहीये. तीन दिवस झोपलेला नाही बिचारा. "जोड म्हणाले, जोडलं." मी आतल्या आत नाचले.

१९ मार्च
ट्रेलर आला!!! एका तासात पकडलं! "पट्टी कंटाळली, पलीकडच्या डोळ्यावर गेली." "जुळे भाऊ एकमेकांत घुसले." जुने शॉट आणि नवे शॉट शेजारी शेजारी लावलेत लोकांनी. सगळं जग साहेबांना हसतंय. एकेक कमेंट मोठ्याने वाचली. आई म्हणाली, "वेड लागलंय का गं?"

२० मार्च
मीटिंग. साहेबांचा चेहरा लालबुंद. मजा येत होती, खरंच येत होती. मग त्यांनी शीट टेबलावर आपटलं.
"सही कोणाची आहे?"
ताई उभ्या राहिल्या. "माझी. मी तपासलं नाही. माझी चूक."
"बावीस वर्षं काम करताय ना? निघा."
मी तिथेच होते. दोन खुर्च्या सोडून. तोंड उघडलं होतं. शप्पथ, उघडलं होतं.

दाराशी ताईंनीच माझ्या पाठीवर हात ठेवला. "अगं, डावं-उजवं होतं गं घाईत. मनाला लावून घेऊ नकोस."

२१ मार्च
ताईंना चार वेळा फोन लावला. रिंग वाजायच्या आत कट केला. मीच.

२४ मार्च
साहेबांनी बोलावलं. तिसरा भाग येतोय. ताईंची जागा मला, टायटलमध्ये नाव, मोठ्या अक्षरात.
मी हो म्हणाले.