बाळकुमला सांडणारा उजेड

३ डिसेंबर १९९६

केबल आजही नापास! कल्याणहून केबलमध्ये सोडलेला उजेड ठाण्याला मीटरवर पोचेपर्यंत नको तेवढा गळतो. आतले काचेचे सहाही फायबर तपासले. टोकं स्पिरिटने पुसली, पुन्हा मोजलं — तेच.

साहेब म्हणाले, मीटर बिघडलं असेल. दुसरं मीटर लावलं. मग म्हणाले, "हात थरथरतो तुझा."

थरथरतो! पण आकडा थरथरत नाही.

उजेड दोन तऱ्हांचा सोडतो, तरंगलांबी १३१० आणि १५५० नॅनोमीटर. तेराशे दहावर सगळं ठीक, घसरण फक्त पंधराशे पन्नासवर. जोड वाईट असता तर दोन्हीकडे दिसलं असतं. वाकलेल्या जागी मात्र पंधराशे पन्नासचाच उजेड जास्त सांडतो. म्हणजे केबल कुठेतरी वाकवलीय. हे मी सगळ्यांसमोर बोलले. साहेब चहा प्यायला गेले.

४ डिसेंबर

आकडे पुन्हा मांडून बघितले. मी चुकले असेन तर?

५ डिसेंबर

साहेबांनी आज युक्ती शिकवली. मोजण्याआधी उजेडाची पेटी आणि मीटर छोट्या वायरने जोडून शून्य लावतात. "ती वायर बोटाभोवती गुंडाळ मालू, शून्य लाव आणि मग वायर सोड. पास होईल. बुधवारी उद्घाटन आहे. नाही जमत तर दुसरी मुलगी बघतो."

म्हणजे उजेड आधीच बोटावर सांडायचा, की पुढची गळती कमी दिसते. शून्यच खोटं!

नाही लावणार. शून्य लावायला मला बाबांनी शिकवलंय. शाळेत घालायच्या आधीपासून मिठागरात मला बरोबर न्यायचे. पाणी किती खारलंय ते जिभेवर बघायचं, थुंकायचं, थांबायचं, मग दुसऱ्या कोपऱ्यातलं बघायचं. "आदीची चव जाऊ दे मालू, नाय तं पुडचं खोटं लागतं." मुकादम घाई करायचा. बाबा हलायचे नाहीत.

साहेबांना सांगितलं, वाकलेली जागा शोधून देते. माझाच आवाज मला परका वाटला.

नाथाभाऊ दिवा गावाहून येतात, रस्त्यातल्या केबलच्या खड्ड्यांची झाकणं उघडायचं काम त्यांचं. ते खूश. "चल गं! घरी तरी काय, नळाला पाणी नाय. खड्डेच उघडू."

७ डिसेंबर

सगळं नीट लिहिते.

मी ठाण्याला मीटरपाशी. नाथाभाऊ रस्त्याने एकेक झाकण उघडून केबल उचलणार, मी आकडा बघणार. वॉकीटॉकीवर —

"हलला?"

"नाही."

"आता?"

"नाही."

"अगं, तुझा आकडा जेवून झोपलाय काय!"

मग बाळकुम. आमचं बाळकुम. नाथाभाऊंच्या मागून कोणीतरी ओरडत होतं, "कोन रं तू? झाकन ठेव खाली! माज्या भिंतीला हात लावायचा नाय!"

बाबा!

नाथाभाऊ हळूच म्हणाले, "इथे एकाने नवी भिंत घातलीय. केबल काटकोनात दुमडून वर दगड रचलेत. म्हातारा काठी घेऊन उभाय. काय करू?"

बाबा नवी चाळ बांधतायत, तिची भिंत. रोज सकाळी तिच्यावर मीच पाणी मारत होते. खाली काय दडपलंय, एकदा वाकून बघितलं नाही!

पुढच्या खड्ड्याकडे जा, एवढंच म्हटलं असतं तर भिंत वाचली असती.

"दगड काढा," म्हटलं. "उचला."

बाबांच्या ओरडण्यातच नाथाभाऊंनी दोन दगड सरकवून केबल उचलली, आणि आकडा उडी मारून चढला! सोडली की पुन्हा खाली.

साहेबांना लगेच सांगितलं — बाळकुम, दामाजींची भिंत. दामाजी माझे बाबा. साहेबांनी कपाळाला हात लावला. "तुझ्या घरचंच होतं ना गं? गप्प बसता आलं नाही?" मग म्हणाले, सोमवारी ये, तुझ्या नोकरीचं बघू.

८ डिसेंबर

बाबा ताटावरून उठले. आई माझ्यावर — "बापाची भिंत पाडायला शिकवलं काय तुला?"

"मोजायला शिकवलं," म्हटलं. तेही त्यांनीच!

बाहेर ओट्यावर बाबा ऐकत होते.

९ डिसेंबर, सोमवार, सकाळ

पहारीच्या आवाजाने जाग आली. बाबा भिंत पाडतायत.

आई चुलीपाशी म्हणाली, "साहेबानं तुला उगाच नाय घेतली. आपल्या जागंतून केबल जाऊ दिली, तवा बापानं तुजी नोकरी मागून घेतली. आता ती जाऊ नये म्हनून पाडतोय."

आणि मी समजत होते, मुलाखतीत पहिली आले!

बाहेर गेले. म्हटलं, "बाबा, माझ्या नोकरीसाठी पाडत असाल तर राहू द्या. केबल वाकलीय म्हणून पाडा."

थांबले. "कुटं वाकलीय ती दाव मालू," म्हणाले. तळहातावर थुंकले आणि पुन्हा पहार उचलली.