दीड मिनिट

३ फेब्रुवारी
चाळीस वर्षांचे फोटो एका डिस्कवर भरून ती कॉम्प्युटरला जोडली. सकाळी यंत्र सुरू झालं की फोटो आपोआप दिसले पाहिजेत. दिसलं काय — 'डिस्कची वाट पाहत आहे, १ मिनिट ३० सेकंद'!

वाट पाहताना रायली कॉफी घेऊन चक्क शेजारी बसली. "पहिला फोटो कुठला येईल रे?" म्हटलं, "साइमा तळ्यात होडी उलटली, तो." हसली! मी निवृत्त झाल्यापासून आम्हा नवराबायकोत 'कॉफी?' आणि 'हं' एवढंच बोलणं उरलंय. फार खुपतं ते.

दोष सापडला. लिनक्सने रात्रीत डिस्कचं नाव बदललं होतं. सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या, त्या यादीत आता नावाऐवजी तिचा कायमचा लांबलचक क्रमांक घातला. मिटलं.

४ फेब्रुवारी
कसलं मिटलं! दीड मिनिट वाट, मग काळा पडदा आणि 'पासवर्ड द्या'. पासवर्डची वही आणायला आत गेलो, परत येतो तर डिस्क हजर. वायर तपासली — घट्ट. तीस वर्षं इलेक्ट्रिशियन होतो मी!

दीड मिनिटात रायली म्हणाली, "होडी तू नाही, मी उलटवली होती." आणि मी अडतीस वर्षं माफी मागतोय!

६ फेब्रुवारी
पुन्हा तेच. मेहुणा एन्सिओ येऊन गेला. "दाजी, थंडी वाजत असेल तिला!" बाहेर उणे सव्वीस. मी हसण्यावारी नेलं. तो गेल्यावर डिस्कला लोकरीचा मोजा घातला.

७ फेब्रुवारी
मोज्याने फरक नाही. रायली मात्र रोज वेळेवर हजर, दोन कप घेऊन.

९ फेब्रुवारी
यादीत 'डिस्क नसेल तर अडून बसू नको' अशी सूचना घातली. बारा सेकंदांत यंत्र चालू! डिस्क नाही, पण यंत्र चालू. रायलीने पडद्याकडे बघितलं. "झालं वाटतं," म्हणाली आणि आपला कप घेऊन खिडकीशी गेली. मला इतकं वाईट वाटलं की दुपारीच ती सूचना पुसली.

मग यंत्राची नोंदवही उघडली. कुठली वायर कधी लागली, सगळं सेकंदासकट लिहिलेलं असतं. तीन तारखेची चूक नावाचीच. पण चार तारखेपासून कालपर्यंत रोज, मी पासवर्डची वही आणायला आत जातो त्याच मिनिटाला — 'नवीन यूएसबी उपकरण जोडले'.

१० फेब्रुवारी
आज वही आणायला गेलोच नाही. दाराआड उभा राहिलो. रायलीचा हात कॉम्प्युटरशेजारच्या कुंडीमागे गेला, उपटून ठेवलेली वायर परत आत बसली, आणि बाई शांतपणे पेपर वाचायला लागल्या!

"आली का डिस्क?"
"आली," मी म्हटलं.

११ फेब्रुवारी
काल संध्याकाळी यादीत वाट पाहायची मुदत बदलली. दीड मिनिटाची दहा मिनिटं. सकाळी रायलीने पडद्यावरचा आकडा बघितला. उठली आणि आणखी कॉफी चढवली.