आईच्या खोलीतला वास

बुधवार, ११ ऑक्टोबर २००६
वेस्ट विंडसर

परवा आईचं परतीचं फ्लाइट. आज तिला मॉलमध्ये नेलं आणि मेणबत्त्यांच्या दुकानात बराच वेळ घालवला. "इथे लाइट जातात का गं? एवढ्या कशाला हुंगतेस?" मी म्हटलं, घराला छान वास येतो. खरं कारण सांगितलं नाही. सांगायला काय झालं होतं?

सुवासिक मेणबत्तीत वासाचे तीन थर असतात. पहिला लगेच उडून जातो, मग मधला येतो, आणि तळाचा खोलीत टिकून राहतो. आईच्या खोलीत पहिला थर बामचा, मधला जेवणानंतर तोंडात धरलेल्या लवंगेचा, तळाला खोबरेल. मी केमिस्ट्री शिकलेय, हे जमायला हवं होतं. निलगिरीची मेणबत्ती मिळाली, लवंगेचीही. नारळाची होती, पण केकसारखी गोड. तिन्ही एकत्र नाकाशी धरल्या. छे. आई कुठेच नाही. शेवटी नुसती लवंगेची घेतली.

संध्याकाळी बॅग भरता भरता ती म्हणाली, "माझ्या उशीचा अभ्रा धुवायला टाकते. खोबरेलाने तेलकट झालाय."

"राहू दे. मशीन भरलंय."

मशीन खोलीच्या दारासमोरच होतं, झाकण उघडं, आत काही नाही. तिने तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काढलेला अभ्रा तिने पुन्हा उशीवर चढवला आणि हात फिरवून सारखा केला.

"ती मेणबत्ती बाहेर लाव हं," ती म्हणाली. "या खोलीत नको."