पिवळ्या पडद्याची दुमड

सोमवार, ता. ३
आज सामान पोचलं. पडद्याचं कापड बारा मीटर, ४८०. सळ्या चार, १२०. कड्या दोन डझन, ३६. देवाच्या कृपेने एकही काच फुटली नाही. घर बसकं आहे, पण उजेड भरपूर. यांची बदली झाली ते बरंच झालं. छकुलीला जाऊन दोन वर्षं झाली, तरी जुन्या घरात दारामागे तिची चप्पल दिसल्यासारखी वाटायची. इथं तिचं काही नाही.

मंगळवार, ता. ४
कापडवाल्या बाई खिडक्या बघून गेल्या. त्यांचं म्हणणं, पडदा घराच्या तोंडवळ्याला शोभला पाहिजे. बैठकीत वेताच्या खुर्च्या, तिथं साधा सुती. स्वयंपाकघरात अर्धाच, वाफ कोंडायला नको. मागच्या खोलीत काळं अवजड कपाट आणि जमिनीपर्यंत खिडकी, तिथं जाड गडद कापड हवं, फिकं काही लावलं तर पोरकं दिसेल. मी म्हटलं, एवढा थाट आम्हाला झेपायचा नाही. तर म्हणाल्या, वहिनी, खिडकी काही परत पाठवता येत नाही हो.

बुधवार, ता. ५
तीन खिडक्या झाल्या आणि कापड संपलं, मागच्या खोलीची राहिली. मग ट्रंकेतलं पिवळं काढलं. छकुलीच्या वाढदिवसाच्या फ्रॉकसाठी आणलं होतं. ताग्याचा शेवट स्वस्तात मिळाला म्हणून जास्तच घेतलं. मग तिला ताप आला, आणि कापड तसंच राहिलं. पडून कुजण्यापेक्षा वापरात आलेलं बरं. खाली चार बोटं दुमड घातली, वाढत्या मुलीच्या फ्रॉकला घालतात तशी. शिवून झाल्यावर लक्षात आलं. उसवली नाही.

रविवार, ता. ९
पिवळा पडदा जमिनीला टेकत होता. आज दोन बोटं वर आहे. यांनी विचारलं, धुतलास का? नाही. मग पडदा आखडला नाही, तूच उंच झालीस, म्हणाले. खूप दिवसांनी हसले. दोन बोटं दुमड सोडली, पुन्हा टेकला. हे संध्याकाळी पंधरा दिवसांच्या फिरतीवर गेले.

बुधवार, ता. १२
दुपारी केर काढताना दिसलं. पडदा पुन्हा आखूड, आणि खाली पायाची बोटं. लहान. खिडकी आतून बंद होती. देवाचं नाव घ्यायचंही सुचलं नाही. खाली बसले, उरलेली दुमड उसवली आणि पाय झाकले. फरशी गार आहे म्हणून.
पडद्याला मागून कपाळ टेकल्यासारखा फुगवटा होता, माझ्या कमरेशी.

शुक्रवार, ता. १४
दुमड संपली. पावलं घोट्यापर्यंत उघडी. फुगवटा आता खांद्याशी. दोन दिवसांत एवढी वाढ —
छकुली म्हणून हाक मारली. फुगवटा हलला. पायावर इस्त्रीचा डाग आहे, त्रिकोणी. माझ्याच हातून पडली होती ती इस्त्री, पाच वर्षांची होती तेव्हा. तीच आहे. माझीच.
दिवसभर तिच्याशी बोलत बसले. जेवायचं राहिलं.

शनिवार, ता. १५
पावलं माझ्यापेक्षा मोठी झाली.
डाग उजव्या पायावर आहे. समोरून डावं-उजवं उलटं दिसतं, म्हणून अंगठे बघून तीनदा पडताळलं. उजवाच. छकुलीचा डाव्या — डाव्यावरच होता ना? आठवेना. माझ्या हातून झालेला डाग, आणि मला आठवू नये —
पडदा माझ्याकडे जरा पुढे येतो. मग थांबतो.

रविवार, ता. १६
ताई, पत्राचा कागद घरात नाही, हेच पान फाडून पाठवते. छकुलीला शेवटची आंघोळ तू घातलीस, माझ्याने बघवलं नाही. डाग कोणत्या पायावर होता? डाव्यावर असेल तर हा पडदा मी कधीच उघडणार नाही. उजव्यावर असेल तर माझी पोर चार दिवस आईसमोर उभी आहे, आणि मी तिला जवळ घेतलं नाही.
उलट टपाली कळव. तोवर मी —
कड्या वाजताहेत. एकेक सरकते आहे. मी हात लावलेला नाही. ताई, लवकर कळव, कोणता पा —